खिळ्याला टांगलेली वही

बेळगावला लोक कुंदा खायला जातात, सोयरिकीसाठी जातात, कोर्टाच्या तारखेला जातात. मी गेलो होतो स्वातंत्र्यावर भाषण ठोकायला, आणि जाताना खिशात एक खोटं घेऊन गेलो होतो. ते खोटं कुठं गळून पडलं आणि कुणी उचललं, त्याची ही हकीकत. वाटेतलं जेवणखाण, घाट, शिंका हे सगळं येईलच; पण आधी खोटं सांगून टाकतो, म्हणजे ओझं एकट्यानं वाहायला नको.

मी नाशिकचा. पंधरा वर्षांपूर्वी दोन वर्षं निपाणीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होतो. वय पंचवीस, अंगात हुशारी मावत नव्हती. निपाणीजवळ बोरगावच्या शिवारात शेतकऱ्यांची एक पाणीपुरवठा संस्था आहे. दूधगंगेचं पाणी पंपानं उचलायचं आणि पाइपातून उसाला द्यायचं. सव्वादोनशे शेतकरी, जागोजागी व्हॉल्व्ह, आणि कुणाच्या रानाला कुठल्या दिवशी किती तास पाणी, याची ठरलेली पाळी. ही पाळी लावून देणारा प्रोग्रॅम मी त्यांना लिहून दिला. दर सोमवारी यादी छापून भिंतीवर लागायची. लोकांनी शाल-नारळ देऊन सत्कार केला. मी शाल घेतली, नारळ घेतला, आणि प्रोग्रॅमच्या पोटात गुपचूप एक कुलूप ठेवून दिलं. पंधरा वर्षं भरली की सगळं बंद.

का ठेवलं? तेव्हा मी मनात मांडे खात होतो की निपाणी ते चिकोडी साऱ्या पाणी संस्था आपल्याच दारात रांग लावणार. कुणी कुणाकडून नक्कल करून घेऊ नये म्हणून हा बंदोबस्त. पंधराचा आकडा मी ‘कधीच नाही’ अशा अर्थानं घातला होता. पंचविशीत चाळिशी ही दुसऱ्यांना होणारी गोष्ट वाटते.

पुढं नाशिकला परतलो, कुणीतरी मुक्त सॉफ्टवेअरची गोष्ट सांगितली आणि मी त्या पंथाला लागलो. नवा माळकरी जुन्यापेक्षा मोठ्यानं टाळ कुटतो, तसं माझं झालं. गावोगाव भाषणं द्यायला लागलो. बोरगावचं कुलूप साफ विसरलो.

या मार्चमध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या वाचनालयाचं बोलावणं आलं. ‘सॉफ्टवेअरचं स्वातंत्र्य’ असा विषय, शुक्रवारची तारीख, खाली माझा फोटो आणि नंबर. ही जाहिरात मोबाईलवरून फिरत फिरत बोरगावला पोचली. बुधवारी फोन आला.

“सर, मी त्रिशला. बोरगावच्या पाणी संस्थेची. आता सेक्रेटरी हाय मी.”

ही त्रिशलाक्का मी प्रोग्रॅम बसवला तेव्हा संस्थेत नव्यानं लागलेली कारकून होती. तिनं सांगितलं, प्रोग्रॅम बंद पडलाय, आणि पडद्यावर जे दिसतंय ते वाचून दाखवलं : मुदत संपली आहे, सरांशी संपर्क साधा. खाली माझ्या निपाणीच्या घरमालकांचा लँडलाइन नंबर. घरमालक वारले, लँडलाइनही वारली. मागच्या सोमवारची यादी तिनं हातानं केली, तर दोघांना एकाच व्हॉल्व्हवर एकच वेळ पडली आणि शिवारात खोरी उगारली गेली. संचालकांत कुजबुज सुरू झालीय की हे काम दुसऱ्या कुणाकडं द्या. येत्या सोमवारची यादी बिनचूक लागली नाही, तर तिची खुर्ची जाणार आणि नदीतलं उन्हाळ्याचं पाणी भांडणात जाणार.

आता इथं शहाण्या माणसानं खरं बोलायचं. माझ्या तोंडून गेलं, “व्हायरस असेल.”

मग ती म्हणाली, “बरं. मग शनिवारी येतासा न्हवं?”

शुक्रवार, येळ्ळूर

बेळगाव स्टेशनवर घ्यायला नारायणअण्णा आले होते. अण्णा वाचनालयाचे चिटणीस. दिवसा उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर, सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या शेतात. तरुणपणी कुस्ती केलेला माणूस. माझी बॅग त्यांनी अशी उचलली की बॅगेत काही आहे की नाही अशी मलाच शंका आली.

येळ्ळूरच्या मागं राजहंसगड उभा आहे. भात निघालेली रानं मसुराचं पीक देऊन मोकळी पडली होती, आणि वाऱ्याला त्या वाळक्या काडाचा वास होता. दुपारी अण्णांच्या घरी जेवायला बसलो. ताटात भात, आमटी, आणि शेजारी एक नीट घडी घातलेला पातळ पिवळसर कागद. मी तो पाहुण्यांसाठी हात पुसायला ठेवला असेल म्हणून अदबीनं बाजूला सारला. वहिनींनी पुन्हा पुढं केला, मी पुन्हा सारला. तिसऱ्या वेळी अण्णा म्हणाले, “सर, मांडा हाय त्यो. दुधात कुस्करून खातात.”

आमच्याकडं मांडे म्हणजे खापरावरची मऊ, हातभर पुरणपोळी. बेळगावचा मांडा कुरकुरीत, साखरेचा, फुंकर मारली तर उडेल असा. मनातले मांडे आयुष्यभर खाल्ले, पण ताटातला ओळखता आला नाही.

व्याख्यान संध्याकाळी पाचला. वाचनालयाची खोली भरली होती. माझ्या लॅपटॉपवर अर्थातच मुक्त प्रणाली, आणि मी नेहमीप्रमाणं सांगून टाकलं की या यंत्रात एकही गोष्ट परक्या कुलपात नाही. वाचनालयाच्या प्रोजेक्टरला ते मानवलं नाही. पंधरा मिनिटं मी तारा काढतोय, घालतोय. लोक सोशिकपणे माझ्या पाठीकडं बघतायत. शेवटी अण्णांनी पुतण्याचा लॅपटॉप मागवला. तो सुरू झाल्याबरोबर पडद्यावर भलीमोठी सूचना आली की ही प्रणाली अधिकृत नाही. मुक्तीचं कीर्तन मी चोरीच्या चिपळ्यांवर केलं.

पण कीर्तन रंगलं, हे मात्र प्रामाणिकपणे सांगतो. गोष्टच तशी आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची अमेरिका, एका विद्यापीठाची प्रयोगशाळा. तिथं प्रोग्रॅम म्हणजे शेजाऱ्याकडून विरजण आणावं तशी चीज होती. एकानं लिहावा, दुसऱ्यानं न्यावा, सुधारावा, परत द्यावा. तिथल्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. मग तिथल्या एकानं प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये अशी सोय करून ठेवली की कागद अडकला की वाट बघणाऱ्या सगळ्यांना निरोप जावा. कुणीतरी उठून सोडवेल. पुढं भेट म्हणून नवा, भारी प्रिंटर आला. त्यातही कागद अडकायचा, पण त्याचा प्रोग्रॅम बंद डब्यातला. आत काय लिहिलंय ते दिसेना, मग सुधारणार कसं? हा गृहस्थ दुसऱ्या विद्यापीठात, ज्याच्याकडं त्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर होता त्याच्या खोलीत गेला आणि म्हणाला, बाबा, दे. तो म्हणाला, देता येणार नाही, मी न देण्याचा शब्द दिलाय.

त्या एका नकारातून चळवळ उभी राहिली. या माणसानं पुढं नोकरी सोडली आणि ठरवलं की आपण सगळं नव्यानं लिहायचं आणि कुलूप कशालाच लावायचं नाही. चार हक्क मांडले. प्रोग्रॅम हवा तसा वापरा. आत काय आहे ते वाचा आणि बदला. नक्कल करून शेजाऱ्याला द्या. तुम्ही बदललेलाही द्या. आणि वर एक अट अशी की तुमच्याकडून जो घेईल, त्यालाही हेच हक्क मिळाले पाहिजेत. मधेच कुणी कुलूप घालायचं नाही. काही वर्षांनी फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्यानं कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीचा आपला अर्धाकच्चा गाभा सगळ्यांपुढं टाकला, म्हणाला बघा, सांगा काय चुकलंय. जगभरातून माणसं धावून आली. आज तुमच्या हातातला बहुतेक मोबाईल त्याच गाभ्यावर चालतो. इंग्रजीत मुक्त आणि फुकट यांना एकच शब्द असल्यानं त्यांना आजतागायत समजावत बसावं लागतं. आपल्याला तो त्रास नाही.

‘देता येणार नाही’ हे वाक्य मी नेहमी घशातून जरा खर्जात काढतो. खलनायकाचं वाक्य. त्या संध्याकाळी ते काढलं आणि मला बोरगाव आठवलं. नव्यानं लागलेली त्रिशलाक्का तेव्हा म्हणाली होती, सर, ह्यो आतनं कसा चालतो ते दाखवा की. आणि मी म्हणालो होतो, ते तुम्हाला नाही कळायचं, आक्का.

पाणी प्यायलो. लोकांना वाटलं, वक्ते भावनावश झाले.

शेवटी प्रश्न विचारायला अण्णाच उठले. “आमच्यात असं म्हणतात सर, वस्तादानं शिष्याला समदे डाव शिकवावेत, पर एक राखून ठेवावा. उद्या त्यो उलटला तर? आमचं कंग्राळीचं वस्ताद तसंच होते. एक डाव राखला. वस्ताद गेले, त्यांच्याबरोबर डावबी गेला. आता फोटोला हार घालतो आमी, पर डाव इचारायचा कुणाला? तुमची चळवळ म्हंजे राखायचा न्हाय, असंच न्हवं?”

मी म्हणालो, अगदी असंच. टाळ्या पडल्या. अण्णा खाली बसता बसता सहज म्हणाले, “तुमी बरं हाय. तुमी राखलाच नसंल.”

शनिवार, निपाणीवरून बोरगाव

कारखान्यात रजा टाकून अण्णा स्वतः आपल्या जुन्या व्हॅनमधून मला पोचवायला निघाले. मी नको नको म्हणत होतो. सद्गृहस्थ सोबत असले की पापाला अडचण होते. हमरस्त्यानं संकेश्वर मागं पडलं. अण्णांनी विचारलं, एवढी मोठी चळवळ, मग भांडणं झाली नाहीत का? झाली तर. मी सांगितलं की पुढं काहींनी ‘मुक्त’ हा शब्द बाजूला ठेवला आणि ‘खुला स्रोत’ असं नाव घेतलं. त्यांचं म्हणणं, नीतीचे धडे कशाला द्यायचे. उघड्यावर लिहिलेलं जास्त डोळ्यांखालून जातं, म्हणून चांगलं बनतं, एवढं लोकांना पुरे. मूळचे म्हणाले, चांगलं बनतं म्हणून नव्हे. माणसाला त्याच्या यंत्रावर हक्क असावा म्हणून. काम दोघांचं तेच, वाद अजून मिटलेला नाही.

“आमच्या गल्लीत दोन गणपती बसत्यात, तसं,” अण्णा म्हणाले. “आरती एकच. पर येळ येगळी.”

तवंदीचा घाट उतरताना खाली निपाणी दिसते, आणि दिसायच्या आधी नाकाला कळते. तंबाखूच्या वखारी. पंधरा वर्षांपूर्वी मला या वासाची सवय झाली होती असं मी अण्णांना ऐटीत सांगत होतो, आणि त्याच वाक्यात मला शिंकांचा असा सपाटा लागला की अण्णांनी गाडी बाजूला घेतली. मोजून अकरा. आजूबाजूचे लोक थांबून बघत होते. एका म्हातारीनं ‘परगावचा हाय’ असा निकाल दिला आणि पुढं गेली.

बोरगावच्या वाटेवर दोन्ही अंगांना ऊस. खोडव्याची, म्हणजे तोडल्यावर पुन्हा फुटलेल्या उसाची, पानं उन्हानं दुपारीच गुंडाळायला लागली होती. पाणी हवं, असं ऊस तोंडानं सांगत नाही, पानानं सांगतो.

त्रिशलाक्का दारातच उभी होती. चाळिशीची, चष्मा, कपाळावर ओढलेला पदर, हातात किल्ल्यांचा जुडगा. आधी जेवा, म्हणाली. जैनांचं घर, ज्वारीची भाकरी, झुणका, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दही. झुणक्यात कांदा नाही, चटणीत लसूण नाही. मी नाशिकचा, आमच्याकडं कांदा हा कुलदैवताच्या खालोखाल. बिनकांद्याचा झुणका हे मला बिनइंजिनाच्या गाडीसारखं वाटत होतं. तीन भाकऱ्या खाल्ल्यावर ते मत मागं घेतलं.

मग संस्थेच्या ऑफिसात गेलो. अण्णा एका खुर्चीवर, आक्का माझ्या शेजारी. पडद्यावर ‘मुदत संपली’ ही माझी पंधरा वर्षांपूर्वीची पाटी मला बघून हसत होती. माझा बेत सोपा होता. कॉम्प्युटरची तारीख मागं न्यायची, प्रोग्रॅमला वाटेल मुदत शिल्लक आहे, तो चालू होईल, व्हायरस गेला म्हणून मी हात झटकेन. तारीख मागं नेली. प्रोग्रॅम उघडला नाही. पंचविशीतल्या त्या महाभागानं हेही ओळखून ठेवलं होतं. आपण शेवटी कधी चाललो ते प्रोग्रॅम कुठंतरी टिपून ठेवत होता. मी तो टिपणाचा कागद कॉम्प्युटरच्या पोटात शोधायला लागलो. तो त्यानं असा लपवला होता की मला त्या पोराचं कौतुक वाटलं आणि त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर माझ्याकडंही नव्हता. जुना कॉम्प्युटर एका दिवाळीच्या साफसफाईत भंगारात गेला होता. दोन तास झाले. घाम आलेला. मी म्हणालो, “व्हायरस फार चिवट आहे.”

आक्कानं चष्मा काढून पुसला.

“सर, मला येक सांगा. व्हायरसला तुमच्या घरमालकाचा नंबर कसा काय ठावं?”

अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. ते बाहेरच बघत राहिले.

मग मी सांगितलं. सगळं : कुलूप, मांडे, पंधरा वर्षांचा आकडा, बुधवारचं खोटं. मूळ मजकूर हरवला हेही. सांगून झाल्यावर वाटलं, आता ती ओरडेल, आणि ओरडली तर बरं होईल. ती एवढंच म्हणाली, “म्हंजे तुमालाबी उघडता येत न्हाय. मग आता सोमवारचं काय?”

अण्णा उठले. मला वाटलं, निघाले. ते दाराकडं गेले, वळले आणि म्हणाले, “वस्ताद, डाव राखलाता तर राखलाता. पर विसरायचा तरी न्हाय.”

त्यानंतर दोन दिवस ते मला सर म्हणाले नाहीत. वस्ताद.

आक्का म्हणाली, चला भूपालआप्पांकडं. भूपालआप्पा हे संस्थेचे जुने पाटकरी, म्हणजे कुणाचा व्हॉल्व्ह कधी उघडायचा आणि कधी मिटायचा हे ज्यांच्या हातात असतं ते. ऐंशीच्या घरातले, अजून रोज नदीकाठच्या इंजिनघरात जाऊन बसतात. इंजिनं जाऊन विजेचे पंप आले, नाव तेच राहिलं. आप्पांनी मला ओळखलं. “मास्तर न्हवं? लई वाळलासा.” मी वाळलेलो नाही, पण ते प्रेमानं म्हणाले म्हणून ऐकून घेतलं.

भिंतीवर एक मोठा खिळा, खिळ्याला सुतळी, सुतळीला लाल कापडी बांधणीची जाड वही, आणि वहीला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. मी ती बघताक्षणी ओळखली. पंधरा वर्षांपूर्वी मी प्रोग्रॅम लिहिला तो या वहीवरून. पाळीचे सगळे नियम हिच्यात होते. टेकाडावरच्या रानाला पाणी चढायला वेळ लागतो म्हणून अर्धा तास जास्त. जे जैन शेतकरी चतुर्दशीचं व्रत पाळतात त्यांची त्या दिवशीची पाळी शेजाऱ्यानं घ्यायची आणि आपली त्यांना द्यायची. मयत झालं असेल त्या घराची पाळी चुकवायची नाही, भावकीनं धरायची.

आप्पांनी वही उघडून पहिलं पान पुढं केलं. एकीकडं कन्नड, एकीकडं मराठी. ते पान तेव्हाही माझ्यासमोर होतं. मी ते प्रस्तावना समजून उलटलं असणार. आता अण्णा मोठ्यानं वाचू लागले. वही कुणीबी वाचावी. कुणाला पायजे त्यानं उतरून न्यावी. पाळीत बदल सुचला तर करावा, पण नाव, काय बदललं आणि का बदललं, हे हितंच लिहावं. खोडू नये, एकच रेघ मारावी, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि शेवटी : जो उतरून नेईल त्यानंही आपली वही खिळ्यालाच टांगावी, कुलपात ठेवू नये.

आदल्या संध्याकाळी मी येळ्ळूरला अमेरिकेची जी गोष्ट सांगितली होती, तिचे चारही हक्क आणि वरची अट नदीकाठी सुतळीला लोंबत होती. संस्था निघाल्यापासून. शेजारच्या तीन गावांनी ती उतरून नेली होती आणि तिघांच्याही इंजिनघरात ती खिळ्यालाच होती.

मी पानं उलटत गेलो. बारीक अक्षर, जाड अक्षर, मराठी, कन्नड, अंगठ्याशेजारी दुसऱ्यानं लिहिलेलं नाव. पान भरलेलं, पुढचं भरलेलं. मग एक नोंद आली. नाव : मास्तर. काय : वही घरी नेली. का : कंप्युटरसाठी. आणि त्याच्यापुढं सगळी पानं कोरी.

मी आप्पांकडं बघितलं. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. “लोकं यायची की सांगायला, हे चुकतंय, ते बदला. पर कंप्युटरला सांगायचं कुठनं, ते कुणालाच ठावं न्हवतं. मग लोकं यायची बंद झाली.”

रविवार, इंजिनघर

सकाळी इंजिनघरासमोरच्या जांभळीखाली टेबल टाकलं. माझा लॅपटॉप, आक्का, आप्पा, वही. अण्णा बेळगावला परतले नव्हते. म्हणाले, कुस्ती अर्ध्यात सोडून उठत नसतात.

नवा प्रोग्रॅम मुक्त साधनांनी लिहायचा आणि आक्कानं लिहायचा, असं तिनंच ठरवलं. मी शेजारी बसायचं, बोट लावायचं नाही. मी दोनदा लावलं. दुसऱ्यांदा तिनं हातातल्या पेन्सिलीनं टोचलं. आप्पा नियम सांगत, आक्का तो साध्या मराठीत टीप म्हणून लिही आणि खाली त्याची आज्ञा. कुठं अडलं तर मी सांगे, आणि का तसं, हेही सांगायला लागे. नुसतं सांगितलेलं ती घेत नव्हती. ती बी.एस्सी. आहे, गणिताची. पंधरा वर्षांपूर्वी हे मी विचारलंच नव्हतं. तुम्हाला नाही कळायचं असं मी जिला म्हणालो होतो, तिनं टेकाडाच्या अर्ध्या तासाचा नियम माझ्या जुन्या रीतीपेक्षा निम्म्या ओळींत बसवला. मी ते मोकळेपणानं कबूल केलं. “तुमी लांबण लावतासा,” आक्का म्हणाली, “बोलतानाबी.”

दुपारपर्यंत पाळी लागायला लागली. शेवटी वर्षभराच्या सणांची यादी भरायची राहिली. सणाच्या दिवशी पाळी पुढं ढकलतात. आक्का चहा आणायला गेली होती, म्हणून तेवढं मी भरलं. दिवाळी, दसरा, पोळा. पंचांग मला पाठ आहे. काहीतरी आपल्या हातचं असावं, एवढाच हेतू.

चारच्या सुमाराला यादी छापली. शिवारातून पंधरा-वीस शेतकरी जमले. एकेकानं आपलं नाव शोधलं, आप्पांच्या तोंडून खात्री करून घेतली. मागच्या सोमवारी ज्या दोघांत खोरी उगारली गेली होती, ते एकाच कागदावर दोन बाजूंनी वाकून बघत होते. एकाची मंगळवार सकाळ, दुसऱ्याची बुधवार. दोघांनी मान हलवली. आक्कानं तेव्हा पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. मग तिनं प्रोग्रॅमचा मूळ मजकूर छापला, भोक पाडून सुतळीत ओवला आणि वहीशेजारी त्याच खिळ्याला टांगला.

मला वाटलं, झालं. आप्पांनी वही माझ्यापुढं केली.

“मास्तर, बदल केलाय न्हवं? मग लिवा.”

नाव लिहिलं. काय बदललं : जुना प्रोग्रॅम काढून नवा, त्रिशलाक्कांनी लिहिला. का : इथं पेन्सिल थबकली. पंधरा-वीस माणसं बघत होती. मी लिहिलं, ‘तांत्रिक कारणामुळे’.

आप्पांनी डोळ्यांजवळ धरून वाचलं. “ह्यो तांत्रिक कुठल्या गावचा?”

कुणी हसलं नाही. आप्पांना कारण खरंच हवं होतं. मी पेन्सिल घेतली, त्या दोन शब्दांवर रेघ मारली. एकच, खालचं वाचता येईल अशी. आणि खाली लिहिलं : ‘जुन्याला मी कुलूप घातलं होतं. माझ्यावाचून यांचं अडावं असं मला वाटत होतं. अडलं.’

अण्णांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं, मराठीत, मग आक्कानं कन्नडमध्ये. मग मागून एक शेतकरी म्हणाला, “होगली बिडी,” म्हणजे जाऊ द्या, आणि दुसऱ्यानं विचारलं की मास्तर गूळ खाणार का. मोठा खडा आणला. खाल्ला. शेजारच्या गावचे दोघं टांगलेल्या कागदांचे मोबाईलवर फोटो काढत होते. आक्का त्यांना बजावत होती, न्या खुशाल, पर तुमच्यातबी खिळ्यालाच पायजे.

नाशिक

परत येऊन दहा दिवस झाले. सोमवारची यादी लागली, त्यानंतरचीही लागली. आक्काची खुर्ची जागेवर आहे. मी पुढच्या भाषणाची तयारी करत होतो. त्यात आता प्रिंटरची गोष्ट थोडक्यात येते. काल मोबाईल वाजला. मनात म्हटलं, आलाच फोन. काहीतरी अडलं असणार, आता सरांची आठवण झाली. चष्मा लावून, जरा घसा साफ करून मोबाईल हातात घेतला.

फोन नव्हता. वहीच्या पानाचा फोटो होता. माझ्या नोंदीखाली, आक्काच्या अक्षरात :

नाव : त्रिशला.
काय : पोळा काढला. आपल्याकडचे बैलांचे दोन्ही बेंदूर घातले, कर्नाटकी आणि महाराष्ट्रीय.
का : सर नाशिकचे आहेत.